फाटकाच्या अलीकडे सांगा : भुयारी रेल्वेच्या सूचना लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महानगरांच्या भुयारी रेल्वेत सेवाबदलाच्या सूचना लिहिणारे, छापणारे, चिकटवणारे आणि ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवणारे सर्व जण,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी आणि आई मावशीकडून घरी निघालो होतो. आई ७८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण रिक्षा-टॅक्सीपेक्षा तिचा भुयारी रेल्वेवर जास्त विश्वास. तिकिटाच्या फाटकातून आत गेलो, लिफ्टने फलाटावर उतरलो आणि खांबावर चिकटवलेला कागद दिसला. त्यावर असं लिहिलं होतं : ‘देखभालीच्या कामामुळे शनिवार व रविवार रात्री १०.३० ते पहाटे ५.०० या वेळेत उत्तरेकडे जाणाऱ्या धीम्या गाड्या नदीकाठ ते विद्यापीठ स्थानकांदरम्यान जलद मार्गावरून धावतील. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मी तो तीनदा वाचला. आईने चष्मा चढवून एकदाच वाचला आणि विचारलं, “अगं, मग आपण उतरायचं कुठे?”

त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नव्हतं. कागद खोटा नव्हता, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण आमचं स्थानक त्या दोन नावांच्या मधलं. म्हणजे गाडी तिथे थांबणार नव्हती. आम्हाला आमचं स्थानक सोडून पुढे विद्यापीठापर्यंत जायचं होतं, तिथे फलाट बदलायचा होता आणि उलट्या दिशेची धीमी गाडी पकडून दोन स्थानकं मागे यायचं होतं. हे सगळं मी मनात जुळवलं तोवर एक गाडी निघून गेली होती. आणि विद्यापीठ स्थानकात पलीकडच्या फलाटावर जायला लिफ्ट नाही, मधे ४२ पायऱ्या आहेत, ही गोष्ट आम्हाला तिथे पोहोचल्यावर, त्या पायऱ्यांसमोर उभं राहिल्यावर कळली.

आईने विचारलेल्या त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, काम करू नका असं माझं म्हणणं नाही. रूळ झिजतात, बोगद्यात पाणी झिरपतं, सिग्नल जुने होतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पावसाचा थेंब नसलेल्या दिवशीसुद्धा सुमारे ५ कोटी लिटर पाणी उपसून बाहेर काढावं लागतं. जिथे रात्री सेवा बंद होते, तिथे शेवटच्या गाडीनंतर आणि पहिल्या गाडीआधी मिळणाऱ्या मोजक्या तासांत माणसं खाली उतरतात, अवजारं नेतात, काम करतात आणि रूळ मोकळा करून वर येतात. न्यूयॉर्कमध्ये तेवढीही सवलत नाही. तिथली सेवा १९०४ पासून रात्रंदिवस चालू आहे. करोनाच्या साथीत, ६ मे २०२० पासून रात्री १ ते ५ ती थांबवली होती, पण १७ मे २०२१ ला पुन्हा चोवीस तास सुरू झाली. गाड्या धावत असतानाच शेजारच्या रुळावर माणसं काम करत असतात, आणि त्यांच्याजवळून जाणारी गाडी ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेगाने, हळूहळू न्यावी लागते. त्या माणसांच्या जिवापुढे माझी दहा मिनिटं काहीच नाहीत. ब्लॉक घ्या, हवा तेवढा घ्या.

पण ब्लॉक घेतल्यावर आम्हाला जे सांगता, ते कुणासाठी लिहिलेलं असतं?

मला वाटतं, या सूचनेचा जन्म कुठे होतो तिथेच अडचण आहे. आधी कामाचा आदेश निघतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला ‘जनरल ऑर्डर’ म्हणतात, इतर ठिकाणी आणखी काही म्हणत असतील. त्यात कोणता रूळ, कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत, किती वाजल्यापासून बंद, गाड्या कुठून वळवायच्या, हे सगळं असतं. मोटरमन, सिग्नलवाले आणि रुळांवर काम करणारी माणसं यांच्यासाठी ही भाषा अचूक आहे आणि ती तशीच असायला हवी. पुढे त्याच आदेशातले कठीण शब्द काढून, खाली दिलगिरीची ओळ जोडून तो खांबावर लावला जातो. त्यामुळे वाक्याचा कर्ता ‘गाडी’ राहते. गाडी वळेल, गाडी थांबणार नाही, गाडी जलद मार्गावरून धावेल. पण गाडी कुठून धावते हे आम्हाला फलाटावरून दिसतही नाही. आम्हाला चढायचं कुठे आणि उतरायचं कुठे एवढंच ठरवायचं असतं.

तोच कागद असा लिहिता आला असता : ‘बाग किंवा टेकडी स्थानकावर उतरायचं आहे? आज रात्री १०.३० नंतर या फलाटावरची गाडी तिथे थांबणार नाही. विद्यापीठला उतरा, समोरच्या फलाटावर जा आणि नदीकाठकडे जाणाऱ्या गाडीने मागे या. साधारण १५ मिनिटं जास्त लागतील. विद्यापीठला फलाट बदलताना ४२ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. पायऱ्या चढता येत नसतील तर नदीकाठला उतरून बाहेरून बदली बस घ्या.’ जुन्या सूचनेपेक्षा ही लांब आहे, मान्य. पण वाचून झाल्यावर माणूस चालू लागतो. जुनी सूचना वाचून मी खांबापाशीच उभी राहिले होते.

एक बारीक गोष्ट सांगते. ‘उत्तरेकडे’ हा शब्द जमिनीखाली निरुपयोगी आहे. दोन वळणांचे जिने उतरल्यावर उत्तर कुठे राहिली हे कुणाला कळतं? ‘अप’ आणि ‘डाउन’ तुमच्या कागदांत ठीक. आम्हाला शेवटच्या स्थानकाचं नाव आणि फलाटाचा क्रमांक द्या.

वेळेचा घोळ तर याहून मोठा. ‘शनिवारी रात्री १२.३० पासून’ म्हणजे नेमकं कधी? आपल्या बोलण्यात ती शनिवारची रात्र असते, पण घड्याळाने रविवार उजाडलेला असतो. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात यातलं एक असतं, वाचणारा दुसरं धरून चालतो, आणि चूक झालेली कळते ती बंद जाळीच्या दारापुढे. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी हे शब्दांचा कीस काढणं नव्हे. माझ्या ओळखीच्या एक बाई रुग्णालयात सफाईचं काम करतात. त्यांची पाळी रात्री ११ ला सुरू होते आणि सकाळी ७ ला संपते. ‘शनिवार-रविवार रात्री’ या दोन शब्दांत किती रात्री येतात, शुक्रवारची येते का, रविवारची सोमवारी पहाटेपर्यंत धरायची का, हे त्यांना दर वेळी कुणाला तरी विचारावं लागतं. ‘शनिवार १४ च्या रात्री ११.३० पासून रविवार १५ च्या पहाटे ५ पर्यंत’ असं लिहिलं तर कागदावर अर्धी ओळ वाढेल, त्यांचा मात्र फेरा वाचेल.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. एका वेळी एकच बदल असेल तर माणूस कसाही निभावतो. पण शनिवार-रविवारी चार-पाच कामं एकदम चालू असतात आणि प्रत्येकाचा वेगळा कागद असतो. निळ्या मार्गाचा एक, हिरव्याचा दुसरा, लिफ्टच्या दुरुस्तीचा तिसरा. ज्याला निळ्यावरून हिरव्यावर बदलायचं आहे, त्याने हे सगळे कागद मनात एकत्र करून आपला रस्ता काढायचा. निळ्याचा कागद म्हणतो, पर्यायी म्हणून हिरवी गाडी घ्या. हिरव्याचा कागद म्हणतो, आज अमुक ते तमुक गाडी नाही. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही पाळणारा माणूस मधेच अडकलेला.

यावर काही करता येतं, हे करून दाखवलं गेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ‘द वीकेंडर’ नावाचा संगणकावर पाहायचा नकाशा निघाला. ज्यांनी १९७२ चा तिथला प्रसिद्ध आणि वादग्रस्त नकाशा काढला होता, त्या मासिमो विन्येली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच तो रेखाटला. ज्या स्थानकांवर त्या शनिवार-रविवारी बदल असे, त्यांचे ठिपके लुकलुकत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात पुढचं पाऊल पडलं : सेवा बदलली की नकाशावरच्या रेघाच बदलतात, असा नकाशा आला. गाडी आज ज्या रस्त्याने जाते आहे, तोच रस्ता नकाशात दिसतो. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. कारण एरवी भिंतीवरचा छापील नकाशा नेहमीची सेवा दाखवत राहतो आणि शेजारचा कागद सांगतो की आज ती सेवा नाही, तेव्हा वाचणाऱ्याला आधी जे दिसतं ते पुसावं लागतं आणि मग नवं मांडावं लागतं.

मात्र नकाशा फोनवर आला म्हणून कागद संपला असं समजू नका. बोगद्यात बऱ्याचदा नेटवर्क नसतं. रात्री बाराला फोनची बॅटरी संपत आलेली असते. माझ्या आईकडे फोन आहे, पण त्यावर ती फक्त बोलते. शहरात नवखा असलेल्या माणसाला कोणतं ॲप उघडायचं तेच ठाऊक नसतं. आणि ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज असते तो अवेळी, सामान घेऊन, एकटा जाणारा माणूस असतो. कागद त्याच्यासाठी आहे.

तो कागद कुठे लावायचा, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे : फाटकाच्या अलीकडे. शक्य असेल तर जिन्याच्याही वर, रस्त्यावर, दारात. आत आल्यावर, तिकिटाचे पैसे वळते झाल्यावर, फलाटावर पोहोचल्यावर ‘इथून गाडी नाही’ हे कळण्यात जो अपमान आहे, तो तुम्हाला कचेरीत बसून कळणार नाही. दाराशी कळलं असतं तर मी आईला घेऊन समोरची बस पकडली असती, किंवा मावशीकडेच राहिले असते. माझ्यापुढे तीन रस्ते होते. फलाटावर आल्यावर एकच उरला. आणि लिफ्टचं दार वेगळं असतं, कधी रस्त्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यावर, त्यामुळे जिन्याच्या दारातला कागद लिफ्टने येणाऱ्याला दिसतच नाही. तिथेही एक लावा.

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. लिफ्ट बंद असणं हाही सेवाबदलच आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी ते स्थानक त्या दिवशी बंद असतं, सरळ बंद, जरी गाड्या तिथे दर तीन मिनिटांनी थांबत असल्या तरी. तरीसुद्धा लिफ्टची यादी वेगळ्या पानावर आणि गाड्यांची वेगळ्या पानावर असते. गाडी वळवताना ती ज्या स्थानकावर पाठवता तिथली लिफ्ट चालू आहे का, हे त्याच वाक्यात यायला हवं. न्यूयॉर्कच्या यंत्रणेने २०२२ साली न्यायालयीन तडजोडीत कबूल केलं की २०५५ पर्यंत ९५ टक्के स्थानकं पायऱ्यांशिवाय वापरता येतील अशी करू. म्हणजे अजून तीन दशकं तिथल्या कितीतरी स्थानकांवर पायऱ्याच राहणार. लिफ्ट बांधायला वर्षं लागतात हे मी समजू शकते. कोणत्या स्थानकावर आज लिफ्ट नाही हे सांगायला मात्र एक ओळ पुरते.

ठरवून घेतलेल्या ब्लॉकबद्दल एवढं पुरे. अचानक होणाऱ्या खोळंब्याची गोष्ट वेगळी आहे, तिथे कागद लिहायला वेळ नसतो, हे मला कळतं. तिथे मागणं एकच आहे, खरं सांगा. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे दोन शब्द मी आयुष्यात हजार वेळा ऐकले असतील आणि त्यांतून एकदाही काही समजलं नाही. कारण विचारतो ते चौकशी करायची हौस म्हणून नाही. कारणावरून वेळेचा अंदाज येतो. डब्यात कुणी आजारी पडलं असेल तर दहा-वीस मिनिटांत गाडी हलेल, थांबावं. रूळ तडकला असेल तर थांबण्यात अर्थ नाही, वर जाऊन दुसरी सोय बघावी. ‘लवकरच सेवा पूर्ववत होईल’ यातलं ‘लवकरच’ आम्हाला ना थांबू देतं, ना निघू देतं.

दोन वर्षांपूर्वी मी एका गाडीत अडकले होते, दोन स्थानकांच्या मधे, सकाळी, खच्चून गर्दीत. तेव्हा गार्डचा आवाज आला. त्याने जे सांगितलं ते मला जवळपास तोंडपाठ आहे : “पुढच्या स्थानकातल्या गाडीत एका प्रवाशाला चक्कर आली आहे. डॉक्टर पोहोचले आहेत. आपण इथे साधारण आठ मिनिटं थांबू, पाच मिनिटांनी मी पुन्हा सांगेन. पुढच्या स्थानकात ज्यांना घाई असेल त्यांनी उतरून समोरून लाल मार्ग घ्यावा.” आणि पाच मिनिटांनी तो खरंच पुन्हा बोलला. सांगितलं की अजून सहा मिनिटं लागतील, माझा आधीचा अंदाज चुकला. डब्यात कुणी आवाज चढवला नाही. माझ्याशेजारच्या मुलाने ऑफिसला फोनवर संदेश पाठवायला घेतला आणि नेटवर्क येईपर्यंत तो तसाच हातात धरून उभा राहिला. चुकलेला अंदाजही त्या माणसाने आम्हाला दिला होता, म्हणून त्याच्या पुढच्या शब्दावर आमचा विश्वास बसला.

किती वेळ थांबायचं हे माहीत असलं की थांबणं सोपं होतं, हे प्रत्येक प्रवाशाला अंगाने ठाऊक आहे. इंडिकेटरवर ‘९ मिनिटं’ दिसली तर मी पिशवी खाली ठेवते. काहीच दिसलं नाही तर चौथ्या मिनिटाला बोगद्यात डोकावू लागते. न्यूयॉर्कमध्ये आकड्यांच्या नावाच्या मार्गांवर मिनिटं दाखवणारे इंडिकेटर आधी बसले आणि अक्षरांच्या नावाच्या मार्गांना २०१७ च्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली, कारण जुन्या सिग्नलांना गाडी नेमकी कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. म्हणजे फलाटावर चमकणाऱ्या त्या एका आकड्यामागे किती यंत्रणा उभी असते याची मला जाणीव आहे. म्हणूनच तो आकडा जपा. गाडीचा पत्ता नसताना वेळापत्रकातला आकडा दाखवू नका. ‘गाडीची माहिती नाही’ असं लिहिलेलं मला चालेल. पंधरा मिनिटं ‘२ मिनिटं’ दाखवणारा इंडिकेटर बघितला की दुसऱ्या दिवशी त्याच्या बरोबर आकड्यावरही विश्वास बसत नाही.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ पासूनची, जगातली सर्वांत जुनी. तिथे प्रत्येक मार्गाची स्थिती ठरावीक शब्दांत सांगतात : ‘गुड सर्व्हिस’, ‘मायनर डिलेज’, ‘सिव्हिअर डिलेज’, काही भाग बंद, वगैरे. शब्द मोजके आणि नेहमीचे असल्यामुळे दाराशी क्षणभर नजर टाकून कळतं, आत जायचं की नाही. हे इतरांनी उचलावं. फक्त त्या शब्दांनंतर लगेच ‘मग काय करावं’ हेही यावं. आणि ही माहिती फोनमध्ये पोहोचवायला मार्ग तयार आहे. वाहतूक यंत्रणांच्या माहितीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या जीटीएफएस-रिअलटाइम या पद्धतीत २०११ पासून कारण, परिणाम, कोणत्या स्थानकांवर आणि कधीपासून कधीपर्यंत, यांना वेगवेगळे रकाने आहेत. ते रकाने नीट भरले तर ॲप माझ्यापुरती सूचना मला दाखवू शकतं. सगळं एकाच लांब वाक्यात कोंबलं तर त्या रकान्यांचा काही उपयोग नाही, ते वाक्य मलाच वाचत बसावं लागतं.

मोठ्या, महिनोन्महिने चालणाऱ्या बंदबद्दल माझं मत कदाचित तुम्हाला वेगळं वाटेल. मला त्या सोप्या वाटतात. शिकागोमध्ये २०१३ साली रेड लाइनचा दक्षिणेकडचा भाग पाच महिने पूर्ण बंद ठेवून नव्याने बांधला. लंडनमध्ये २०२२ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत नॉर्दर्न लाइनचा ‘बँक’ नावाच्या स्थानकातून जाणारा भाग बंद होता. बोस्टनने त्याच वर्षी ऑरेंज लाइन ३० दिवस बंद ठेवली. त्रास मोठा, पण ‘बंद’ हा शब्द लहान मुलालाही कळतो. माणूस नवा रस्ता एकदा शोधतो आणि महिनाभर त्याच रस्त्याने जातो. दर शनिवारी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेळी होणारे तुकड्या-तुकड्यांचे बदल मात्र दर वेळी नव्याने शिकावे लागतात. जिथे बदल सर्वांत गुंतागुंतीचा, तिथे शब्द सर्वांत साधे हवेत, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मला आदेशाची भाषा सापडते.

मोठ्या बंदमध्ये धोका असतो तो शब्द फिरवण्याचा. न्यूयॉर्कच्या एल मार्गाचं उदाहरण घ्या. २०१२ च्या सँडी वादळात नदीखालच्या बोगद्यात खारं पाणी शिरलं. २०१६ साली सांगितलं गेलं की २०१९ मध्ये तो बोगदा बंद होईल, आणि पुढे ठरलं, त्या एप्रिलपासून १५ महिने. लोकांनी त्या तारखेच्या हिशेबाने आपापले बेत आखले. २०१९ च्या जानेवारीत, जेमतेम चार महिने आधी, गव्हर्नरांनी जाहीर केलं की पूर्ण बंद होणार नाही, काम रात्री आणि शनिवार-रविवारी करू. काम २०२० च्या एप्रिलमध्ये पुरं झालं आणि पूर्ण बंद टळली हे चांगलंच झालं. तरी त्या जानेवारीत, आधीची तारीख खरी मानून घर किंवा नोकरी यांचा विचार केलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार पुढच्या वेळी तारीख जाहीर करणाऱ्याने करावा. आणि वॉशिंग्टनला १६ मार्च २०१६ ला अख्खी मेट्रो दिवसभर बंद राहिली, तपासणीसाठी. आदल्या दिवशी दुपारनंतर ते जाहीर झालं. सुरक्षेसाठी घेतलेला तो निर्णय योग्य असेल, पण रात्रपाळीला निघालेल्या माणसाकडे काही तासच उरले होते.

पर्याय सांगण्याबद्दल एक गोष्ट मला फार उत्साह देते. २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनला दोन दिवसांचा संप झाला, काही स्थानकं बंद राहिली आणि लोकांना दुसरे रस्ते शोधावे लागले. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की नेहमीच्या प्रवाशांपैकी सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्या रस्त्यानेच जात राहिले. इतकी वर्षं त्यांना त्यांचा चांगला रस्ता माहीतच नव्हता. तेव्हा पर्यायी मार्ग सांगणं हे फक्त त्या रात्रीपुरतं काम नाही. नीट सांगितलेला एक पर्याय कुणाच्या तरी रोजच्या प्रवासातली काही मिनिटं कायमची वाचवू शकतो.

ज्यांना शहराची लिपी वाचता येत नाही त्यांचाही विचार व्हावा. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक स्थानकाला स्वतःचं चित्र आहे. निरक्षर माणूसही चित्रावरून उतरतो. टोकियोत २००४ पासून स्थानकांना अक्षर आणि क्रमांक आहेत, गिंझा मार्गावरचं गिंझा स्थानक म्हणजे ‘जी-०९’. मग सेवाबदलाच्या कागदावर ते चित्र, तो क्रमांक का असू नये? आणि जे फलकावर आहे ते ऐकूही यावं, जे ऐकवलं ते लिहिलेलंही दिसावं. अंध आणि कर्णबधिर प्रवासी एकाच फलाटावर उभे असतात.

टोकियोचीच आणखी एक पद्धत मनात भरली आहे. गाडीला उशीर झाला की रेल्वे उशिराचा दाखला देते. पूर्वी तो फाटकाशी हातात मिळे, आता संकेतस्थळावरूनही घेता येतो. माणूस तो शाळेत, कचेरीत दाखवतो. माझ्या एका सहकाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा पगार अशाच एका खोळंब्यात कापला गेला, आणि गाडी खरंच अडकली होती हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याच्या हातात एक चिठ्ठी असती तर रेल्वेचं काय गेलं असतं?

जुने कागद काढून टाका, हेही विनवते. काम संपून तीन आठवडे झाले तरी कागद खांबावर असतो, त्याचा रंग उडतो, त्यावर दुसरा अर्धवट चिकटतो. जुना कागद खोटं बोलतो आणि शेजारच्या नव्या कागदालाही खोटं पाडतो. सूचना लावणाऱ्याच्या कामाच्या यादीत ती काढायची तारीखही असू द्या.

आणि स्थानकावरच्या तुमच्याच माणसांना आधी सांगा. त्या रात्री मी फलाटावरून वर येऊन खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्यांनी माझ्यासमोर तोच कागद काढला आणि तो वाचून दाखवला. त्यांना त्याहून जास्त कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या आधी एक गृहस्थ त्यांच्यावर ओरडून गेले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. ज्या रागाशी त्यांचा काही संबंध नाही तो दर शनिवारी त्यांच्या वाट्याला येतो. कागद लावण्याआधी तो त्यांच्याकडे पाठवून विचारा, लोक तुम्हाला यावर काय विचारतील? जे उत्तर येईल तेच कागदावर छापा.

याहून सोपी एक परीक्षा आहे. छापायच्या आधी तो कागद तुमच्या कचेरीबाहेरच्या कुणाला तरी द्या, चहा आणून देणाऱ्या मुलाला, तुमच्या स्वतःच्या आईला. एकदा वाचू द्या आणि विचारा, उतरायचं कुठे? सांगता आलं तर लावा. नाही आलं तर पुन्हा लिहा.

त्या रात्री आम्ही विद्यापीठला उतरलो. ४२ पायऱ्या आईने चार ठिकाणी थांबून पार केल्या. एका अनोळखी मुलाने आमच्या पिशव्या वर नेल्या आणि त्याची स्वतःची गाडी चुकली तरी आई वर येईपर्यंत तो थांबला. पलीकडे गेल्यावर कळलं की उलट्या दिशेची गाडी २० मिनिटांनी आहे. घरी पोहोचायला पाऊण तास जास्त लागला. आई त्याबद्दल काही बोलली नाही. पण तेव्हापासून मावशीकडे जायचा विषय निघाला की ती आधी विचारते, “आज आपल्या स्टेशनवर गाडी थांबते का गं?” आणि मी फोन उघडते, तीन पानं चाळते आणि म्हणते, “बहुतेक थांबते.”

येत्या शनिवारी मावशीचा वाढदिवस आहे. आम्ही दोघी रात्री साडेदहाच्या सुमारास तिच्या घराजवळच्या स्थानकाच्या दारात असू, जिन्यापाशी नाही, लिफ्टच्या बाजूला. काही बदल असेल तर तो तिथे, त्या दारावर लिहिलेला असू द्या.

आपली,
रोजची एक प्रवासी